थोडं अशक्त

११ मार्च

बाबूच्या बायकोस,

आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर. आधी हे सांग, माझ्या भावाला तू कुठल्या गुन्ह्याची शिक्षा देते आहेस?

फोन केला असता, पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं कानाला हेडफोन लावून माझा डावा कान कामातून गेला आणि उजवाही अर्धाच उरलाय. तुझं निम्मं बोलणं मला ऐकू येतं, उरलेलं निम्मं मी मनाने भरते आणि मग आपलं वाजतं. म्हणून लिहिते.

चार दिवस तुमच्याकडे राहिले ते डोळे मिटून नाही. सकाळी उठल्या उठल्या तू त्याला न्हाणीघराच्या दारात वजनकाट्यावर उभा करतेस आणि कॅलेंडरवर आकडा लिहितेस. बाजारात बोकड उभा करतात तसा. मग टेबलावर ती बाटली. दीड लिटर. त्यावर पेनाने रेघा. दुपारचे चार वाजले की पाणी संपलेलं आणि माझा भाऊ ओठांवरून जीभ फिरवत खिडकीत बसलेला. सत्तावन्न वर्षांचा माणूस! अख्ख्या शहराच्या लिफ्टा ज्याच्या हातावर चालतात, त्याने घोटभर पाण्यासाठी बायकोच्या तोंडाकडे बघायचं?

आणि जेवण. पहिल्या घासाला मी मीठ मागितलं. तू म्हणालीस, संपलंय. दुसऱ्या दिवशी सुई शोधायला शिवणयंत्राची पेटी उघडली तर आत मिठाची बरणी. घरात चोर शिरला तर दागिने सोडून मीठच नेईल अशी भीती वाटते का तुला?

त्याला विचारलं तर म्हणतो, "हिला मी बारीक व्हायला हवाय, ताई. जाऊ दे." बारीक! चेहरा बघितलास का त्याचा? गालफडं आत गेलीत. तुला विचारलं तर तू भांडी घासायला उठलीस. घासलेलीच भांडी.

तो सहा वर्षांचा असताना आमचे वडील गेले. आई त्याआधीच गेली होती. त्याला मी वाढवलंय, एका ताटात जेवून. ज्याला मी माझ्या ताटातलं काढून दिलं, त्याच्या ताटातलं तू काढून घेतेस. आठ दिवसांत मला नीट उत्तर हवंय.

ताई


१९ मार्च

वन्सं,

नमस्कार करते, पण आज वाकून नाही.

तुमचं पत्र दुकानात वाचलं. घरी वाचलं असतं तर ह्यांनी माझा चेहरा बघून विचारलं असतं. समोर गिऱ्हाईक बसलं होतं, चष्म्याचा नंबर तपासायला. ते "ख, ग, घ" वाचत होतं आणि मी "बाजारात बोकड" वाचत होते.

चार दिवसांच्या पाहुणीला घर कळत नाही. जानेवारीत हे सहा दिवस हॉस्पिटलात होते. तुम्हाला "जरा दमलेत" एवढंच कळवलं होतं, कारण ह्यांनीच तसं सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय थोडं अशक्त आहे. मीठ कमी, पाणी मोजून, वजन रोज. हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. मला हौस नाही सकाळी साडेसहाला माणसाला काट्यावर चढवायची. मला नऊला दुकान उघडायचं असतं, काचा घासायच्या असतात, मालकाची बोलणी खायची असतात. तरी मी स्वयंपाकात माझ्यासाठीही मीठ घालत नाही. दोन महिने मी अळणी जेवते आहे, वन्सं. हे नाही दिसलं चार दिवसांत?

आणि मला काय दिसलं नसेल असं समजता? मी दुकानात गेल्यावर तुम्ही ह्यांना खाऱ्या शेंगदाण्यांचा पुडा दिलात. सालं उशीच्या अभ्र्यात सापडली. तुम्ही निघालात त्या दिवशी काटा एक किलोने वर होता. माहेरच्या मायेचं एक किलो.

काळजीचं कारण नाही. फक्त काही पाठवू नका आणि ह्यांना खोदून खोदून काही विचारू नका. बाकी क्षेम.

तुमची भावजय


२६ मार्च

बाबूच्या बायकोस,

"थोडं अशक्त." वाचून हसू आलं. अशक्त माणसाला लोक खाऊ घालतात. तुझ्यासारखी पहिलीच पाहिली जी अशक्ताला उपाशी ठेवते.

तुझ्या डॉक्टरचं नाव सांगू नकोस, मला ऐकायचं नाही. अशक्तपणा मी तुझ्या आधी बघितलाय आणि निस्तरलाय. मी सतरा वर्षांची असताना. तेव्हा कोणी बाटलीवर रेघा मारल्या नव्हत्या.

आणि एक. त्याने मला पत्र लिहिलंय. गुडघा धरतो, जिने चढवत नाहीत. ते तुला सांगितलं नाही, मला सांगितलं. का, याचा विचार कर. माझ्या भावाची काळजी मी माझ्या परीने घेते आहे. कशी, ते तुला कळवायची मला गरज वाटत नाही.

ताई


२१ एप्रिल

वन्सं,

दुकानातल्या ऑर्डरच्या कागदाच्या पाठीवर लिहिते आहे, हॉस्पिटलच्या बाकावर बसून. अक्षर लागलं नाही तर पुन्हा पुन्हा वाचा. तुम्ही हे पुन्हा पुन्हा वाचावं असंच मला वाटतं.

महिन्याच्या सुरुवातीपासून काटा चढायला लागला. आधी अर्धा किलो, मग एक, मग दोन. मीठ तेवढंच, बाटली तीच. मला वाटलं, हे चोरून पाणी पितात. विचारलं तर म्हणाले, "नाही गं." मी न्हाणीघराच्या नळाला हात लावून बघायचे, ओला आहे का. मी माझ्या नवऱ्यावर पहारा केला, वन्सं. साडेतीन किलो झाले त्या दिवशी मी ओरडले. खोटारडे म्हणाले. लग्नाला एकतीस वर्षं झाली, हा शब्द कधी वापरला नव्हता. मग दोन दिवस बोलले नाही. ताट समोर ठेवायचे आणि पाठ फिरवायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलेले. मला काहीतरी सांगत होते. "मी... पाणी..." आणि श्वास. "प्यायलो..." आणि श्वास. एक वाक्य पुरं होत नव्हतं. ओठ निळसर. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत मी ह्यांची पाठ धरून बसले होते आणि हे मला पटवून देत होते की पाणी प्यायलो नाही.

इथे डॉक्टरांनी विचारलं, दुसरी काही गोळी चालू होती का? ह्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी घरी कपडे आणायला गेले आणि ह्यांची हत्यारांची पिशवी उपसली. पान्हा आणि टेस्टरच्या मध्ये गोळ्यांच्या तीन पट्ट्या. दोन संपलेल्या. भोवती कागद, त्यावर तुमचं वळणदार अक्षर: "दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर. मला फार गुण आला. तिला सांगू नकोस."

पट्टी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. ते म्हणाले, दुखण्याच्या ह्या गोळ्या अशा पेशंटला विष आहेत. त्यांनी शरीरात मीठ आणि पाणी अडकून राहतं. लघवीची गोळी एकीकडून काढते, ही दुसरीकडून भरते. साडेचार किलो पाणी होतं ह्यांच्या अंगात. फुप्फुसातसुद्धा.

आता ऐका, तुम्हाला मी मार्चमध्ये जे लिहिलं नाही ते. ह्यांचं हृदय "थोडं अशक्त" नाही. जानेवारीच्या कागदावर दोन शब्द आहेत, हार्ट फेल्युअर. डॉक्टरांनी ते मला वरांड्यात सांगितले आणि मी म्हटलं, ह्यांना सांगू नका. ह्यांना अजून माहीत नाही. तुम्ही सांगायचं नाही. जीव गेला तरी नाही. सध्या हे ऑक्सिजनवर आहेत आणि तुमच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये.

इकडे येऊ नका. आलात तर मी काय बोलेन याची मला खात्री नाही.


३० एप्रिल

अगं,

तुझं पत्र आल्यापासून मी रोज कागद समोर घेऊन बसते आणि उठते.

गोळ्या मी पाठवल्या. नाकारत नाही. मला गुडघ्याला त्याच देतात, त्यांनी मला जिना चढता येतो. मला वाटलं, त्यालाही येईल. तिला सांगू नकोस असं लिहिलं, कारण तू काढून घेशील असं वाटलं. घेतल्या असत्यास. बरं झालं असतं.

पण आता तू ऐक. तू मला "थोडं अशक्त" लिहिलंस. तुझ्या हाताने, निळ्या शाईने. पत्र माझ्यासमोर आहे. त्या जागी हार्ट फेल्युअर हे दोन शब्द लिहिले असतेस, तर मी माझ्या औषधवाल्याला विचारलं असतं. मी काल विचारलं. पंचविशीचं पोरगं आहे, त्याने गोळीचं नाव ऐकलं, हार्ट फेल्युअर ऐकलं आणि तो म्हणाला, "आजी, चुकूनही नाही." एका वाक्यात! तुझे दोन शब्द आणि त्याचं एक वाक्य, एवढ्यावर माझ्या भावाचा श्वास अडला होता. दुसऱ्यांचे चष्मे करतेस आणि मला आंधळं ठेवलंस. आणि त्यालाही. स्वतःच्या छातीत काय चाललंय ते त्याला माहीत नाही, म्हणून तो खिशात गोळ्या घालून हिंडत होता. त्याला काय माहीत, कशाला जपायचं ते!

म्हणे जीव गेला तरी सांगू नका. जातच होता.

फेल्युअर म्हणजे काय गं? बंद पडणार का ते? किती दिवस? मला कोणी सांगत नाही. निदान एवढं तरी लिही. रागाने लिही, पण लिही.

ताई


९ मे

ताई,

हे पत्र तुझ्या भावजयीचं नाही, माझं आहे. दचकू नकोस, अजून जिवंत आहे.

तुझं ३० तारखेचं पत्र आलं तेव्हा ती दुकानात होती. मी घरी येऊन चार दिवस झाले होते. पाकिटावर तिचं नाव होतं. दुसऱ्याचं पत्र फोडू नये हे तूच मला शिकवलंस. तरी फोडलं, कारण ही फोनवर बोलताना माझ्याकडे बघून आवाज खाली करत होती. मग ओट्याखालच्या डब्यातली बाकीचीही पत्रं काढली. तुझीही आणि तिने कच्ची लिहून ठेवलेली तिचीही. ओळीने वाचली. बोकड, शेंगदाणे, रेघा, सगळं. तुम्ही दोघी माझ्या छातीवर बसून कचाकचा भांडताय आणि खाली मी आहे याचा दोघींनाही पत्ता नाही!

हार्ट फेल्युअर. मी ते दोन शब्द उभ्याने वाचले आणि छातीवर हात ठेवला. चालू आहे का ते बघायला. हसू नकोस. मला वाटलं, फेल म्हणजे बंद. आमच्यात लिफ्ट फेल म्हणजे अडकलेली लिफ्ट. मी खुर्चीवर बसलो आणि हललो नाही, हललो तर पडेल म्हणून. वीस मिनिटं तरी बसलो असेन. माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट वीस मिनिटं तुमच्या कृपेने.

मग राग आला. इतका आला की उठलो, बूट घातले, बस पकडली आणि हॉस्पिटलात गेलो. एकटा. तिथे हृदयाच्या पेशंटांसाठी एक सिस्टर बसते, पन्नाशीची, आवाज रेतीसारखा. मी म्हटलं, "मला माझा आजार कोणता आहे ते सांगा. सगळं. पोराला सांगतात तसं नको, मेकॅनिकला सांगतात तसं." तिने फाइल काढली आणि माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला सांगितलं नव्हतं?" म्हणाली. मी म्हटलं, "माझ्या घरात मी सोडून सगळ्यांना सांगितलंय."

तिने सांगितलं ते लिहितो. तू विचारलं आहेस आणि तुला कोणीतरी उत्तर द्यायला हवं. फेल म्हणजे बंद नाही. हृदय चालू आहे, पण गरजेपुरतं काम होत नाही. प्रत्येक ठोक्याला जेवढं रक्त पुढे जायला हवं, त्याच्या निम्म्याच्या आसपास जातं. ब्लडप्रेशर वर्षानुवर्षं वाढलेलं होतं आणि मी कधी तपासलं नाही, त्याने दमवलं. पुढे गेलं नाही की मागे तुंबतं. तुंबलेलं पाणी फुप्फुसात आणि पायात उतरतं. वर गंमत अशी की, रक्त कमी पोचतं म्हणून मूत्रपिंडांना वाटतं अंगात पाणीच कमी आहे, आणि ती मीठ-पाणी आणखी धरून ठेवतात. म्हणून मीठ कमी. म्हणून बाटली. म्हणून रोज काटा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नसते, पाणी असतं, लगेच फोन करायचा. गोळ्या नेमाने घेतल्या तर लोक बरीच वर्षं काढतात. बरं होईल असं ती म्हणाली नाही. सांभाळता येईल म्हणाली.

हे समजायला मला किती वेळ लागला माहीत आहे? एक कप चहा प्यायला लागतो तेवढा. आणि तुम्ही चार महिने लपवलंत! मला वाटायचं ही मला बारीक करते आहे, म्हणून मी काट्यावर चढायच्या आधी खिशातली किल्ली काढून ठेवायचो. हिला बरं वाटावं म्हणून. कारण माहीत असतं तर मी स्वतः तो आकडा लिहिला असता.

हिलाही हे सगळं संध्याकाळी सांगितलं. आवाज चढवून. शेजारी दार उघडून बघून गेले. ती रडली नाही. म्हणाली, "मला वाटलं, तो शब्द ऐकून तुम्ही तिथेच खचाल." मी म्हटलं, "मी काय काचेचा आहे?" ती म्हणाली, "मला माहीत नव्हतं. मी स्वतः काचेची झाले होते." मग मला पुढे ओरडता येईना, त्याचाही राग आला.

आता माझं ऐक. मीही धुतल्या तांदळासारखा नाही. गेल्या वर्षभर मला दम लागत होता. लिफ्ट बंद असली की मेकॅनिकला जिन्यानेच गच्चीवरच्या मशीन रूमपर्यंत जावं लागतं. आठ मजले. मी पाचव्यावर बसायचो आणि कोणी आलं तर फोन कानाला लावून "हो साहेब, पोचतोच" म्हणायचो. पलीकडे कोणी नसायचं. बूट एक नंबर मोठे घेतले आणि हिला सांगितलं, जुने आकसले. कोणाला सांगितलं नाही. तुला सांगितलं ते गुडघ्याचं. गुडघा सांगायला सोपा असतो.

कंपनीत सगळं सांगून टाकलं. आता मला तक्रारींच्या फोनवर बसवलंय. "मेकॅनिक निघालाय" असं दिवसातून चाळीस वेळा सांगतो. निघालेला नसतो. हे काम मला अजिबात आवडत नाही आणि मी ते करतो आहे.

यापुढे माझ्याबद्दल पत्र लिहायचं असेल तर वर माझं नाव घाला.

आणि एक राहिलं. सिस्टरने विचारलं, घरात कोणाला हृदयाचा त्रास होता का? मी म्हटलं, नाही, वडिलांना दमा होता. तिने विचारलं, कसला दमा? झोपायचे कसे? पाय सुजायचे का? मला काही सांगता आलं नाही. मी सहा वर्षांचा होतो. मला फक्त त्यांची खुर्ची आठवते. तू सांग.

बाबू


२० मे

बाबू, आणि तूही,

दोघांना मिळून लिहिते. दोघांनी एकत्र बसून वाचा.

बाबा फर्निचरच्या कारखान्यात होते. लाकडाच्या भुशाने दमा झाला असं सगळे म्हणाले आणि आम्ही मानलं. दवाखान्यातला कंपाउंडरही तेच म्हणाला. शेवटच्या दोन महिन्यांत ते आडवे होऊ शकत नव्हते. आडवं झालं की गुदमरायचे. म्हणून ती खुर्ची. टेबलावर उशी ठेवायची आणि त्यावर कपाळ टेकून ते झोपायचे. सपाता पायात जाईनात म्हणून मी मागून कापल्या. पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. तुझं रडणं थांबवायला मी त्याचा खेळ केला होता, बाबू. मी दाबायची आणि तू आकडे मोजायचास, खड्डा भरेपर्यंत. वीसपर्यंत मोजायला तू तिथेच शिकलास. बाबाही हसायचे.

ते म्हणायचे, जेवण बेचव लागतं. कंपाउंडर म्हणाला, अशक्तपणा आहे, मीठ-साखरेचं पाणी द्या. मी द्यायला लागले. रोज एक मोठा तांब्या. त्यांना नको असायचं. ते मान फिरवायचे. मी म्हणायची, "एक घोट, बाबा. माझ्यासाठी." आणि ते प्यायचे. माझ्यासाठी. तीन आठवडे.

गेले तेव्हा सगळी गल्ली म्हणाली, पोरीने काय सेवा केली! त्या एका वाक्यावर मी एक्कावन्न वर्षं जगले. लग्न केलं नाही, नोकरी केली, तुला मोठं केलं, आणि कधीही खचले की आठवायची, मी सेवा केली.

तुझं पत्र वाचल्यावर मी शेजारणीला घेऊन दवाखान्यात गेले आणि माझं नाव न सांगता विचारलं. डॉक्टर तरुण होता. म्हणाला, एवढ्या वर्षांनी नक्की कोणालाच सांगता येणार नाही. पण सांगताय त्यावरून दमा वाटत नाही.

आता तुला, बाबूच्या बायको. मार्चमध्ये चार दिवस मी तुमच्याकडे होते. दुसऱ्या दिवशी बाबूने मोजे काढले. नडगीवर मोज्याच्या कडेची खूण होती, खोल, दोरी बांधल्यासारखी. मी ती बघितली. मी ती ओळखली, सांगते तुला. नाव माहीत नव्हतं, पण तो पाय मला माहीत होता. आणि मी तोंड फिरवलं, बाजारात गेले आणि खारे शेंगदाणे घेऊन आले. मग घरी येऊन तुला बोकडाचं पत्र लिहिलं. तू पाणी मोजत होतीस आणि मला तो तांब्या दिसत होता. तू बरोबर असशील तर मी कोण ठरते, हे मला कळत होतं. म्हणून तू चूक असायलाच हवी होतीस.

माझा राग कोणावर काढू ते मला कळेनासं झालंय. कंपाउंडर मेला. गल्ली राहिली नाही. आरशात बघून किती वेळ बोलणार?

मला उत्तर पाठवलं नाही तरी चालेल.

ताई


२८ मे

वन्सं,

चालणार नाही. उत्तर पाठवते आहे.

पत्र ह्यांनी मोठ्याने वाचलं, मी भाजी निवडत होते. खेळाच्या जागी ह्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. उरलेलं मी वाचलं. मग हे उठून रस्त्याच्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. मी विचारलं, "दम लागला का?" तर म्हणाले, "दम नाही, राग आलाय." कोणाचा, ते सांगितलं नाही. वर्तमानपत्राची घडी घालता घालता फाडली.

आता मी माझं सांगते, नाहीतर तुम्हीच तेवढ्या उघड्या पडाल. जानेवारीत घरी सोडताना हॉस्पिटलने मला चार पानी कागद दिला होता. सोप्या भाषेत, चित्रं काढून. कोणत्या गोळ्या चालणार नाहीत, त्यात दुखण्याच्या गोळ्या पहिल्याच ओळीत. वजन इतकं वाढलं तर कोणाला फोन करायचा, तो नंबर. मी वरचे दोन शब्द वाचले आणि कागद साड्यांखाली सरकवला. डॉक्टरांनी तोंडी सांगितलं तेवढंच पाळलं. दिवसभर लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेणारी मी, पुढची ओळ वाचायची हिंमत नव्हती. काटा साडेतीन किलो वर गेला तेव्हा फोन करायचा होता. मी फोन नाही केला, मी भांडण केलं. हे मी ह्यांना काल सांगितलं. अजून धुसफुस चालू आहे. चालू दे.

काल मी एकटी सिस्टरकडे गेले. तुमच्या बाबांचं सगळं सांगितलं. खुर्ची, सपाता, तांब्या. मला वाटलं होतं ती म्हणेल, त्यांची चूक नाही, आणि मी ते तुम्हाला कळवीन, आणि तुम्हाला बरं वाटेल. ती तसं म्हणाली नाही. म्हणाली, मीठ-पाण्याने त्रास वाढला असणार. त्या काळी औषधंही फार नव्हती, गेलेच असते कदाचित, पण इतक्या लवकर गेले असते का, सांगता येत नाही. मी तुमच्यापासून यातलं काही लपवत नाही. लपवून काय झालं ते आपण बघितलंय.

मग तिने विचारलं, "त्या मुलीचं वय काय होतं?" मी म्हटलं, सतरा. तिने हातातलं पेन खाली ठेवलं. "आणि वडिलांना काय झालंय ते तिला कोणी समजावून सांगितलं होतं?"

मी म्हटलं, नाही. कोणीच नाही.

"मग तिला जाब कसला विचारताय?" असं ती म्हणाली. रागाने म्हणाली, वन्सं. माझ्यावरच डाफरली, जणू मीच ती गल्ली. मला ते इतकं बरं वाटलं की मी तिथेच रडले. चार महिन्यांत पहिल्यांदा.

ती दर गुरुवारी सकाळी अकराला पेशंटच्या घरच्यांना बसवून सगळं समजावते. काय खायचं, काय नाही, पाय कसे बघायचे, कधी धावायचं. मी तिथे तीन नावं लिहून आले आहे. ह्यांचं, माझं, तुमचं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "ताईला जोरात बोलावं लागेल." मी म्हटलं, त्या सिस्टरला त्याची अडचण नाही.

माझा राग गेलेला नाही. पट्ट्यांवरचा तो कागद मी फाडलेला नाही आणि फाडणार नाही. तुमचाही माझ्यावरचा गेला नसेल. ह्यांचा तर दोघींवर आहे, आणि त्यांना सिस्टरने सांगितलंय की रागावून चाललं तरी चालेल पण चालायचं. तर आता राग ओसरायची वाट बघत बसू नका, तेवढा वेळ आपल्याकडे नाही. बुधवारी संध्याकाळच्या गाडीने या.

तुमची भावजय